राहतं घर तारण ठेवू नका



भिशीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हल्ली एकच सल्ला कानावर येतो. ‘राहतं घर कर्जमुक्त आहे ना? मग नुसतं का ठेवलंय? ते तारण ठेवून कर्ज काढा, दुसरा फ्लॅट घ्या. भाडेकरूच हप्ता फेडेल.’ मला हा सल्ला साफ अमान्य आहे. का, ते हिशोबानेच सांगते; बी.कॉम. झाले आहे, एवढं तर येतं.

समजा, ४० लाखांचा फ्लॅट घेतला, सगळी रक्कम घर तारण ठेवून काढली. व्याज साडेनऊ टक्के, मुदत १५ वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे ४१,८०० रुपये. भाडं किमतीच्या तीन टक्के धरलं, तर महिन्याला १०,०००. उरलेले ३१,८०० कोण भरणार? भाडेकरू नाही, आपणच! १५ वर्षांत ४० लाखांचे ७५ लाख होतात. शिवाय स्टॅम्प ड्युटी, मेंटेनन्स, घरपट्टी, रंगकाम, आणि एक भाडेकरू गेल्यावर दुसरा येईपर्यंतचे रिकामे महिने.

‘पण फ्लॅटची किंमत वाढेल ना?’ वाढेलही. पण ती विकल्याशिवाय हातात येत नाही, आणि हप्ता दर महिन्याला येतो. करसवलतीचं गाजरही तपासून घ्या: नव्या करपद्धतीत भाड्याच्या घराचा तोटा पगारातून किंवा पेन्शनमधून वजा होत नाही.

आता खरी भीती. हप्ते ९० दिवस थकले की खातं अनुत्पादक ठरतं. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देते, आणि तरी पैसे भरले नाहीत तर कोर्टात दावा न लावता तारणाचा ताबा घेऊ शकते. तारण कोणतं? नवा फ्लॅट नव्हे. जिथे आपलं देवघर आहे, ते घर.

‘अगं, तुझ्याच नावावर घेऊ, स्टॅम्प ड्युटीत एक टक्का वाचेल,’ असं यजमान म्हणतील. सवलत खरी आहे. पण एका टक्क्यासाठी डोक्यावरचं छप्पर पणाला लावायचं का? राहत्या घरावर तुमचं नाव असेल, तर तुमच्या सहीशिवाय ते तारण पडत नाही. ती सही तुमची ताकद आहे.

श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात पहिली दोन नावं क्षेत्र आणि वास्तू यांचीच आहेत. व्रत मिळवू नका म्हणत नाही, हद्द आखा म्हणतं. बचतीतून दुसरं घर झालं तर जरूर घ्या. उधारीवर हद्द वाढवणं हा परिग्रह तर आहेच, वर काळजीही.

म्हणून सही मागितली की आधी एकच प्रश्न विचारा: वर्षभर भाडेकरू मिळाला नाही, तर हप्ता कुठून? उत्तर कागदावर, आकड्यांत मागा. ‘होईल काहीतरी’ हे उत्तर असेल, तर पेन खाली ठेवा.