परदेशी नोकरी आणि राजूरचा उमेदवार

जालन्याहून भोकरदनकडे जाताना लागणारे राजूर राजुरेश्वर गणपतीमुळे सर्वांस परिचित आहे. परंतु खरीप हातचा गेला की याच मुलखातील कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे आणि तरुण मुले पुण्या-मुंबईकडे निघतात, हेही तितकेच जुने वास्तव आहे. आता त्या वाटेला परदेशाचा फाटा फुटला आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार करून परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, गवंडी, वाहनचालक अशी दहा हजार कुशल माणसे तिकडे पाठविण्याचे योजिले आणि जर्मन भाषेच्या शिक्षणाचा भारही आपल्याकडे घेतला. करार स्तुत्य आहे. मात्र साहाय्य तालुक्याच्या गावापर्यंत आल्यावाचून त्याचा लाभ शहरातल्या मुलांच्याच पदरी पडेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

आयटीआयमधून वायरमन होऊन बाहेर पडलेल्या मुलाचीच गोष्ट घ्या. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्याचे नाव एका तऱ्हेने, आधार कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने, आणि वडिलांचे नाव कोठे पूर्ण तर कोठे नुसत्या आद्याक्षराने लिहिलेले असते. पासपोर्टचा अर्ज भरताना हा घोळ उघडकीस येतो, आणि मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील प्रसिद्धी व कचेरीच्या खेपा यांत उमेदीचे महिने सरतात. पुढची अडचण याहून बिकट आहे. परिचारिकेची पदवी जर्मनीत रीतसर मान्य होईपर्यंत आणि भाषेची विहित पातळी गाठेपर्यंत तिला मदतनिसाच्या हुद्द्यावर राबावे लागते. वाहनचालकाचा भारतीय परवाना तेथे वास्तव्य केल्यावर सहा महिनेच चालतो, पुढे नव्याने परीक्षा द्यावी लागते. ही माहिती विमानात बसल्यावर नव्हे, कर्ज काढण्यापूर्वी मिळाली पाहिजे.

कारण या अज्ञानावरच दलालांचा व्यवहार चालतो. 1983 च्या उत्प्रवास कायद्यान्वये परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याजवळ केंद्र सरकारचा परवाना असणे सक्तीचे आहे, आणि त्याने घ्यावयाच्या शुल्कास तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी अशी मर्यादा घातलेली आहे. परंतु हा एक आकडा ठाऊक नसल्यामुळे कोणी दीड-दोन लाख मागितले तरी बाप जमीन गहाण टाकण्यास सिद्ध होतो. म्हणून माझी सूचना अशी की, भोकरदनच्या तहसील कचेरीत एक जाणता कारकून केवळ याच कामासाठी नेमावा, आणि अंगारकी चतुर्थीस राजुरात पंचक्रोशीची जी अलोट गर्दी लोटते, तिच्यासाठी प्रसादाच्या रांगेलगत त्याचे टेबल मांडावे. तेथे परवानाधारकांची यादी, शुल्काची मर्यादा आणि कागदपत्रांची दुरुस्ती या तीन बाबी मराठीत, तोंडी, समजावून सांगाव्यात.

हेच टेबल परमुलखातून आपल्या जिल्ह्यात आलेल्यांसाठीही खुले असावे. 8 मे 2020 रोजी, टाळेबंदीच्या काळात, जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशाकडे पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर निजले असता मालगाडीखाली चिरडले गेले. आपल्या मुलांस परक्या देशात जो आधार मिळावा अशी आपण अपेक्षा करतो, तोच जालन्याच्या सळईच्या भट्टीवर काम करणाऱ्या परप्रांतीयास आधी येथे मिळावा: त्याच्या वेतनाची नोंद कोठे होते, अपघात झाल्यास दाद कोठे मागावी, आणि टाळेबंदीसारखा प्रसंग ओढवल्यास घरी पोहोचविण्याची जबाबदारी कोणाची, हे त्याला हिंदीत लिहून द्यावे, आणि त्या कागदावर कारखान्याच्या मालकाची सही घ्यावी.