तास संपल्यानंतरचा वर्ग

मार्च २०२०च्या टाळेबंदीत वर्ग मोबाइलवर आला आणि एम.ए., एम.एस्सी.च्या तासाचं खरं रूप उघडं पडलं. एक जण बोलतो, बाकीचे माइक बंद करून हजेरी लावतात. (खडू-फळ्यासमोर तरी वेगळं काय होतं म्हणा!) बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२पासून आहे, विद्या प्रतिष्ठान १९७२पासून. तरी इंदापूरच्या वाडी-वस्तीवरून येणाऱ्याला एसटीची वेळ सांभाळूनच चर्चेला बसावं लागतं. व्हिडिओवरच्या तासाने त्याचा प्रवास वाचतो, चर्चा मात्र होत नाही.

ती तासाबाहेर, सामायिक शीटवर होऊ शकते. समजा, अर्थशास्त्राचे पाच विद्यार्थी उजनी धरणाच्या फुगवट्यालगतच्या उसावर प्रकल्प करताहेत. पळसदेवचा मुलगा मोकाट पाण्यावरच्या उसाचा एकरी खर्च गूगल शीटमध्ये भरतो, बारामतीची मुलगी ठिबकचा. रात्री अकराला कुणीतरी रकान्याशेजारी टिप्पणी टाकतं, ‘यात मोटारीचं वीजबिल धरलंय का?’ भर तासात हा प्रश्न कुणी विचारला नसता. शिवाय बदलांचा इतिहास उघडला की कुणी कधी काय लिहिलं आणि कुणी शेवटच्या रात्री नुसतं नाव चिकटवलं, हे सरांना बसल्या जागी दिसतं.

रेंजची रड आहेच. पण आधी सोय करून ठेवली तर शीट ऑफलाइनही भरता येते.

आमची तक्रार गुणांबद्दल आहे. अंतर्गत मूल्यमापनात बाइंडिंग केलेली फाइलच मोजायची, तर टिप्पण्यांना उत्तरं द्यायला कोण बसेल? विभागांनी या सामायिक कामाचे गुण सत्राच्या पहिल्याच आठवड्यात जाहीर करावेत.