कापसातील ओलावा आणि देहातील पाणी

बेला परिसरातील शेतकरी बांधवांना विजेचा हा गुण नव्याने शिकवावयास नको. कापसाची गाडी बाजारात उभी राहिली, की खरेदीदार प्रथम एका लहानशा यंत्राचे टोक कापसात खुपसतो आणि आकडा वाचतो. ओला कापूस विजेला वाट देतो, कोरडा तिला अडवितो. त्या अडवणुकीवरून यंत्र ओलावा सांगते. कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे कपात आणि १२ टक्क्यांवर नकार, हेही सर्वांस ठाऊक आहे. त्या आकड्यावरून होणारे वाद तर विचारूच नयेत!

मानवी देहाचीही अशीच परीक्षा करतात. चरबी वगळता उरलेल्या देहात सुमारे ७३ टक्के पाणी असते व ते खारट असल्याने वीज त्यातून सहज वाहते. चरबी व हाडे तिला अडवितात. दिशा पालटणाऱ्या विजेला होणाऱ्या या एकूण अडथळ्यास ‘संरोध’ म्हणतात.

वीज आणि सजीव देह यांचे नाते बोलोन्याच्या गॅल्व्हानी यांनी १७९१ साली जगापुढे मांडले. (हे गृहस्थ श्रद्धावान कॅथलिक होते, नव्या राजवटीची शपथ घेण्याचे नाकारल्यामुळे १७९८ मध्ये त्यांचे अध्यापकपद गेले.) संरोधाचे खरे मर्म मात्र पुढे जर्मनीतील हबर यांना १९१० साली उमगले. मंद आवर्तनांची वीज रक्तातील तांबड्या पेशींना वळसा घालून जाते आणि शीघ्र आवर्तनांची वीज पेशींच्या आतूनही जाते, असे त्यांस आढळले. याच वाटेने फ्रिके यांनी १९२५ साली पेशीच्या आवरणाची जाडी काढली. ती एका मिलिमीटरच्या सुमारे ३ लाखाव्या भागाइतकी भरली. डोळ्यांनी न दिसणारी वस्तू त्यांनी केवळ विजेच्या हिशेबाने मोजली!

१९६२ साली फ्रान्समधील थोमासे यांनी कातडीखाली दोन सुया टोचून देहातील पाण्याचा अंदाज घेतला. कापसाच्या यंत्राचेच हे भावंड म्हणावयाचे. १९६९ मध्ये हॉफर यांनी सुया टाळून कातडीवर चार पट्ट्या लावल्या. दोन पट्ट्यांतून वीज सोडावयाची, उरलेल्या दोहोंतून मोजावयाचे. त्यामुळे कातडीचा स्वतःचा अडथळा मोजणीत येत नाही. हल्ली चरबीचे प्रमाण सांगणारे वजनकाटे मिळतात, ते याच कुळातील. ते चरबी मोजतात असे मात्र समजू नये. मोजला जातो तो अडथळा. बाकीचे सारे इतर माणसांच्या देहांवरून बांधलेले गणित. पाय सुजलेल्या रोग्यास त्यातून चुकीचे उत्तर मिळू शकते. हृदयाजवळ पेसमेकर बसविलेल्यांनी तर अशा काट्यावर उभे राहूच नये.

परंतु या विद्येचा मला अधिक मोलाचा वाटणारा उपयोग रक्ताच्या वाहण्याशी निगडित आहे. प्रत्येक ठोक्यासरशी अवयवात थोडे अधिक रक्त येते आणि अडथळा किंचित घटतो. छातीत मोजल्यास मूळचा अडथळा सुमारे २५ ओहम, तर हा चढउतार अवघा एकदशांश ओहमच्या आसपास! अमेरिकेतील न्यबोअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० साली हृदयाच्या ठोक्यांबरोबर होणारे असे फेरफार नोंदविले.

आपल्या मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील जिंदल आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. जी. बी. परुळकर यांनी सहकाऱ्यांसह हे तंत्र रोग्यांच्या सेवेस लावले. १९८१ साली त्यांनी हातापायांच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या रोग्यांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. पायाच्या एकेका भागावर पट्ट्या लावीत खाली यावे. जेथे ठोक्याची लाट खुजी होते अथवा उशिरा पोहोचते, त्याच्या वरच्या बाजूस वाट अरुंद झालेली असावी, असा तर्क करता येतो. शस्त्र नाही, सुई नाही, वेदना नाही. आज या कामी बहुधा ध्वनिलहरींची डॉप्लर तपासणी करतात.

आपल्याकडे विडी ओढणारे थोडे नाहीत, म्हणून एवढे लिहितो. चालताना पोटरी दुखावी, थांबताच राहावी, पुन्हा चालताच दुखावी. पाऊल थंड पडावे, बोटावरील जखम भरू नये, तर ‘वात आहे’ म्हणून तेल चोळीत बसू नये. तंबाखू त्याच दिवशी सोडावी आणि डॉक्टरांकडे जावे. ते प्रथम कोणतेही यंत्र काढणार नाहीत. पावलावर दोन बोटे ठेवून नाडी लागते की नाही, एवढेच पाहतील.