एका शब्दासाठी उघडलेली वही

२०२३ च्या हिवाळ्यात निफाड तालुक्यातल्या आमच्या गावात एकच विषय होता: पणजोबांचं नाव कुठे सापडतं? न्या. संदीप शिंदे समितीचं काम सुरू होतं आणि मराठ्यांच्या कुणबी नोंदींसाठी कचेऱ्यांतली जुनी दप्तरं फडताळाबाहेर निघाली होती. पुतण्याच्या कुणबी दाखल्यासाठी मीही मोडी वाचणाऱ्या गुरुजींना गाठलं.

जन्म-मृत्यू नोंदवणाऱ्या कोतवाल बुकातल्या एका पानावर त्यांनी बोट ठेवलं. “ही तुमच्या घरची नोंद. जात लिहिलीय, काम झालं.” मी विचारलं, “शेवटच्या रकान्यात काय आहे?” “मरणाचं कारण. ताप.” वरच्या ओळीत? “ताप.” खालच्या? गुरुजींनी चष्मा सरळ केला. पानभर ‘ताप’च होता.

पान ऑक्टोबर १९१८ चं होतं.

पणजोबांच्या घरातली तीन माणसं नऊ दिवसांत गेली, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. बांधावरून बिनसलेल्या धाकट्या भावाच्या बायकोनं करणी केली, असं आजी सांगायची. तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांचं सुतक पाळतात, पण एका पंगतीला बसत नाहीत. पंचवटीतल्या उपाध्यांच्या वहीत १९२०-२१ च्या सिंहस्थाची नोंद आहे. तिथे थोरल्याचा, म्हणजे पणजोबांचा, अंगठा आहे, धाकट्याचं नाव नाही.

कोतवाल बुकाच्या त्याच पानावर मात्र धाकट्याच्याही घरातली दोन मुलं आहेत. कारण: ताप.

ती मानमोडीची साथ होती. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत, जून १९१८ मध्ये हा इन्फ्लुएंझा मुंबई बंदरात उतरला आणि पावसाळा सरताना दुप्पट जोरानं उलटला. आमच्या निफाडवरून तर मुंबईची आगगाडीच जाते. त्यात त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, कणग्या रिकाम्या. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. कोतवालानं आपल्या गावापुरतं एका शब्दात लिहून ठेवलं. आम्ही त्याच मरणांचा दोष शंभर वर्षं एका बाईच्या माथी मारला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: वह्या उघडल्याच आहेत, तर जातीच्या रकान्यावर थांबू नका. दाखल्याची लढाई आपल्या जागी आहे. मीही त्यासाठीच गेलो होतो. पण पूर्वज म्हणजे दाखल्याला जोडायची झेरॉक्स नव्हे. प्रशासनानं सुट्या नोंदींबरोबर अख्खी पानं लोकांपुढे ठेवावीत. शाळेत १९१८ शिकवताना गुरुजींनी गावचंच पान फळ्याशेजारी लावावं. आणि मोडी वाचणारी पोरं तालुक्या-तालुक्यात तयार व्हावीत, कारण आज वाचणारे बहुतेक म्हातारे झालेत.

ते पान घेऊन मी धाकट्या घराच्या ओसरीवर गेलो. ऐंशीच्या पुढच्या काकूंना ती दोन नावं वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली.

“आमचीही गेली होती?” त्या म्हणाल्या. “मग इतकी वर्षं पित्रात त्यांच्या नावानं पान कुणी ठेवलं?”