पुदिन्याची किक

"अरे नॅचरल आहे, झाडपाला आहे नुसता!" शुक्रवारच्या पार्टीत हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. रंगीत पुडी, वर 'हर्बल इन्सेन्स' आणि खाली पाच-सात वनस्पतींची भारदस्त नावं. एरवी हेच लोक कुठलीही फुकट लायब्ररी तपासल्याशिवाय बिल्डमध्ये घेत नाहीत. इथे मात्र पाकिटावर छापलंय म्हणजे खरं!

तर मंडळी, जपानमध्ये संशोधकांनी बाजारातल्या अशा ६२ मालांचा डीएनए तपासला आणि २०१३ साली निकाल छापला. पान वाळवून चुरलं की ते कशाचं हे डोळ्यांना कळत नाही, पण डीएनए शिल्लक असतो. त्यातले ठरावीक तुकडे वाचायचे आणि डेटाबेसमध्ये शोधायचे. (आपल्या भाषेत, ग्रेप मारायचा.) वारंवार काय सापडलं? दामियाना नावाचं झुडूप, आणि पुदिना, थाइम वगैरे तुळशीच्या कुळातली मंडळी. म्हणजे अर्धा माल पिझ्झ्यावर भुरभुरायच्या लायकीचा! लेबलवरच्या बाकी वनस्पतींचा पत्ताच नाही. उलट काही पुड्यांत गांजा, साल्व्हिया, क्रॅटम निघाले, जे लेबलवर कुठेच नव्हते.

आता पुदिन्याने कधी कुणाला किक बसलीय का? पान हे नुसतं पाकीट, पेलोड वेगळाच. डिसेंबर २००८ मध्ये जर्मनीत 'स्पाइस'च्या पुडीत जेडब्ल्यूएच-०१८ हे कृत्रिम रसायन सापडलं, तेव्हाच हे उघड झालं होतं. असली रसायनं पानांवर फवारतात. फवारा सगळीकडे सारखा बसत नाही, त्यामुळे एकाच पुडीतली एक चिमूट फुसकी आणि दुसरी थेट हॉस्पिटलात नेणारी. याला नॅचरल म्हणायचं?

पण माझं दुसरंही एक भांडण आहे. क्राइम मालिका बघून "डीएनए टेस्ट केली ना, मग झालं" म्हणणाऱ्यांशी. अहो, जे रसायन झाडाने बनवलंच नाही ते झाडाच्या डीएनएत दिसणार कसं? डीएनए म्हणणार पुदिना, रिपोर्ट स्वच्छ! शिवाय एकाच झाडाच्या पानात आणि फुलात डीएनए तोच. आपल्या १९८५च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. नुसती पानं किंवा बिया त्या व्याख्येत बसत नाहीत. हा फरक डीएनए कुठून सांगणार? त्या जपान्यांनी गांजा-क्रॅटम सापडल्यावर त्यातली द्रव्यं मास स्पेक्ट्रोमेट्रीनेही पडताळून पाहिली. दोन्ही चाचण्या लागतात, आणि पार्टीत तुमच्याकडे एकही नसते.

जून २०१४ मध्ये टोकियोत इकेबुकुरो स्टेशनजवळ असलाच 'हर्ब' ओढून गाडी चालवणाऱ्या एकाने फुटपाथवरच्या लोकांना उडवलं. एका बाईचा जीव गेला. पुढच्याच महिन्यात जपान सरकारने या मालाचं अधिकृत नाव बदलून सरळ 'धोकादायक ड्रग' करून टाकलं. 'हर्ब' हा शब्द त्यात ठेवलाच नाही.