आईची गोळी मुलाच्या बॅगेत

गेल्या महिन्यात जोहरनंतर जयसिंगपूरच्या आमच्या औषधाच्या दुकानात ओळखीच्या एक खाला आल्या. धाकट्याला दुबईत ट्रक चालवायचं काम लागलेलं, आठवड्यावर विमान आलेलं. "रात्रपाळी असणार बेटा, झोप कुठली यायला त्याला? माझ्या गोळ्यांची दोन पाकिटं जास्त दे, त्याच्या बॅगेत घालते." गोळी अल्प्राझोलॅम. मी दिली नाही. खाला रागावल्या.

राग मला समजतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली, वर्षानुवर्षं उशाशी असलेली गोळी. ज्या घरात दारूचं नाव निघत नाही तिथं तिला नशा कोण म्हणेल? पण लघवीची तपासणी नियत पाहत नाही. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपाम, डायझेपाम ही एकाच गटातली, बेन्झोडायझेपिन. अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात ती येतात. अल्प्राझोलॅम आणि डायझेपाम २०१४ पासून एच-१ यादीतही आहेत, म्हणून आम्हाला रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपावं लागतं. आपल्याकडे वैमानिकांची ३१ जानेवारी २०२२ पासून जी अचानक तपासणी होते, तिच्यात गांजा, कोकेनच्या रांगेतच हा गट आहे. अमिरातीत अशी गोळी नेण्याआधी तिथल्या सरकारची परवानगी काढावी लागते. ती आईच्या नावाच्या चिठ्ठीवर मुलाला कशी मिळणार?

ज्याची स्वतःचीच गोळी चालू आहे, त्यानं नमुना देण्याआधी तसं सांगावं. निकालानंतर सांगितलं की बहाणा वाटतो. चिठ्ठी ताजी हवी, स्वतःच्या नावाची, औषधाचं मूळ नाव लिहिलेली. पहिली झटपट चाचणी फक्त गट दाखवते. नेमकं औषध कोणतं हे सांगणारी दुसरी तपासणी मागावी. आणि घाबरून गोळी एकदम सोडू नये. बरेच दिवस रोज घेणाऱ्याला त्यानं फिट येऊ शकते. शिवाय डायझेपामचा अंश अशा माणसाच्या लघवीत काही आठवडेही सापडतो, दोन दिवस बंद ठेवून काही साधत नाही.

मालकाचंही अगदीच चूक नाही म्हणा. चिठ्ठी असली तरी काही गोळ्यांची गुंगी सकाळपर्यंत उतरत नाही आणि हातात अवजड गाडी असते. डॉक्टरांना आपलं काम काय ते सांगायचं आपण विसरतो.

संध्याकाळी मुलगा स्वतःच आला, पोटाच्या गोळ्या न्यायला. मी विषय काढला. तो हसला. "मला पडल्या पडल्या झोप लागते चाचा. मी जाणार म्हटल्यापासून अम्मीच जागी असते."