मेकॅनिक येण्याआधी

फ्रिज बंद पडतो तो नेमका पाहुणे यायच्या दिवशी! दुधावरची आठ दिवसांची साय जमवून ठेवलेली असते आणि मेकॅनिक म्हणतो, "परवा येतो." परवा आला की मागे दोन मिनिटं डोकावून सांगतो, "गॅस संपलाय," नाहीतर "कॉम्प्रेसर गेला." भाजीच्या जुडीमागे दोन रुपये कमी करून घेणाऱ्या आपण इथे मात्र मुकाट्याने पैसे काढून देतो. दुरुस्ती आपण करायची नाही, हे खरं. पण बिघाड विजेचा आहे की यंत्राचा, एवढं ओळखायला शिकलं तर पैसा वाचतो आणि जीवही जपला जातो.

पहिली गोष्ट, दार उघडून आतला दिवा लागतो का पाहा. लागत नसेल तर फ्रिजचा प्लग काढा आणि त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून पाहा. तोही चालत नसेल तर दोष फ्रिजचा नव्हे, सॉकेटचा किंवा एम.सी.बी.चा. प्लग काढल्यावर पडलेला एम.सी.बी. एकदा वर करून बघावा. पुन्हा पडला तर हट्ट करू नये, इलेक्ट्रिशियन बोलवावा. जुन्या घरात फ्यूज असेल तर 'वारंवार जातो' म्हणून जाड तार घालू नये. तार वितळते म्हणून तर घर जळायचं वाचतं! प्लग सैल असला की आत ठिणग्या पडतात आणि जवळचा रेडिओ खरखरतो. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आकाशातून येणाऱ्या अगदी क्षीण लहरी टिपतात. विजेच्या तारांवरच्या ठिणग्यांचा उपद्रव तिथल्या शास्त्रज्ञांनाही होतो. तेव्हा खरखर ऐकू आली तर प्लग आणि सॉकेट तपासून घ्या.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची. कुकडीच्या आणि डिंभ्याच्या पाण्यावर जुन्नर-आंबेगावात ऊस, टोमॅटो, कांदा पिकतो. त्या मळ्यांतले पंप एकदम सुरू झाले की त्याच लाइनवरच्या घरांत दिवे मंद होतात. घरी २३० व्होल्ट यायला हवेत. ते फार उतरले की कॉम्प्रेसरची मोटर फिरू शकत नाही, पण वीज मात्र भरमसाट ओढते आणि तापते. मग 'घूंऽऽ' असा आवाज, थोड्या वेळाने 'टक', आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच. असं झालं तर फ्रिज लगेच बंद करा. स्टॅबिलायझरचा आकडा पाहा. व्होल्टेज नीट झालं तरी पाच मिनिटं थांबूनच चालू करा, कारण आतल्या गॅसचा दाब सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. व्होल्टेज पुरेसं असूनही 'टक' थांबत नसेल, तर दोष रिलेचा असू शकतो. तो सुटा भाग आहे, कॉम्प्रेसरपेक्षा पुष्कळ स्वस्त. म्हणून "रिले तपासलात का?" असं जरूर विचारा. इन्व्हर्टर फ्रिजची तऱ्हा थोडी निराळी. त्याला किती व्होल्टेज चालतं ते त्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

फ्रिज चालतो पण गार होत नाही? मग दारात कागदाचा कपटा ठेवून दार लावा. कपटा सहज निघून आला तर रबर ढिलं झालंय किंवा त्यात मळ साचलाय. कोमट साबणपाण्याने पुसा. मागची जाळी धुळीने माखली असेल तर प्लग काढून ब्रशने साफ करा. फ्रिज भिंतीला चिकटून नको, हवेला जागा हवी. यंत्र चालू असताना मागची जाळी किंवा बाजूचे पत्रे कोमट लागले पाहिजेत. खूप वेळ चालूनही ते गारच राहिले, तर मात्र गॅसची शंका घ्यावी.

आणि हे नीट लक्षात ठेवा बरं का, फ्रिजमधला गॅस सिलिंडरमधल्या गॅससारखा वापरून संपत नाही! तो बंद नळीत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरला, तर तो पुन्हा जाणार. "गळती कुठे सापडली?" हा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. बर्फ सुरीने खरवडू नका. नळीला भोक पडतं. पुष्कळ नव्या फ्रिजमधला आर-६००ए हा गॅस तर ज्वालाग्राही असतो.

फ्रिजखाली पाणी साचलं तर आतली निचऱ्याची भोकं तुंबली आहेत का ते पाहा. वाटण करताना मिक्सर अचानक थांबला तर भांडं काढा, थोडा वेळ निवू द्या आणि तळाचं लाल बटण दाबा. दुरुस्तीचा खर्च वाचेल.

आता हात कुठे थांबवायचा, ते. फ्रिजला किंवा गीझरला हात लावताच मुंग्या आल्या, तर पुन्हा स्पर्श नको. कोरड्या हातांनी, पायात चपला घालून मेन स्विच बंद करा आणि अर्थिंग तपासून घ्या. पावसाळ्यात भिंती ओलावतात तेव्हा तर "थोडासाच करंट आहे" असं कधीही म्हणू नये. ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा, वीज अंगातून जाऊ लागताच तो पुरवठा तोडतो. मायक्रोवेव्हचं झाकण मात्र प्लग काढूनही उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

मेकॅनिक येईपर्यंत फ्रिजचं दार उघडू नका, गारवा साधारण चार तास टिकतो. तेवढ्यात कागदावर लिहून ठेवा: दिवा लागतो का, आवाज कसा येतो, व्होल्टेज किती, जाळी गरम की गार. कागद पाहिला की मेकॅनिकही जपून बोलतो.

घरात दहावी झालेली मुलगी असेल तर तिलाही हे दाखवा. आय.टी.आय.त इलेक्ट्रिशियनचा आणि रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंग मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन-दोन वर्षांचा असतो. ही कामं पुरुषांचीच, असं कुणी ठरवलं? फ्रिज दिवसभर वापरतो आपण. त्याची नाडी ओळखायलाही आपणच शिकायला हवं, नाही का?